पाणी मी घातलं

मास्तर उंबऱ्याच्या आत आले नाहीत. उपरण्याचं टोक नाकाला धरून ते दाराबाहेरच उभे राहिले आणि म्हणाले, "तिला प्रश्नोत्तरं येत नाहीत." माय त्या वेळी जमिनीवर पडली होती. अंथरलेली वाकळ घाण झाली म्हणून मी ती ओढून बाहेर टाकली होती, आणि दुसरी वाकळ आमच्या घरात नव्हती. तिच्या पोटऱ्यांत असे गोळे येत होते की कातडीखालून कुणी दोर पिळतो आहे असं वाटावं. डोळे खोल गेले होते. बोटांची टोकं दिवसभर ओढ्यात धुणं धुतल्यासारखी सुरकुतली होती. आवाज बसला होता. दुपारची वेळ, वैशाखाचं ऊन. बाला, माझ्या बापाला, आदल्या दिवशी पुरलं होतं. मी अकरा वर्षांची होते. शाळेपर्यंत धावत जाऊन मी मास्तरांना बोलावून आणलं होतं, पण ते औषधासाठी नाही. मायला बाप्तिस्मा पाहिजे होता. मरायच्या आधी प्रभूच्या माणसांत आपलं नाव लागावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. आमच्या गावात ते करू शकेल असा माणूस एकच होता आणि तो दारात उभा होता.

मी म्हणाले, "मास्तर, ती मरायलीय."

"मला दिसतंय. पण साहेब आल्याशिवाय मला तसं करता येत नाही. आणि ती दोनदा नापास झालीय. तू प्रार्थना कर. पाणी देऊ नकोस तिला, पाण्यानं वाढतं."

एवढं बोलून ते वळले. मी त्यांच्या पाठीकडं बघत राहिले. त्यांचं धोतर पांढरंशुभ्र होतं. आता मी शेवटच्या वयात आहे, पुष्कळ माणसांची तोंडं विसरले आहे, ते धोतर विसरलेले नाही.

आत आले तर माय माझ्याकडंच बघत होती. "गेला का?" तिनं विचारलं. मी मान हलवली. ती म्हणाली, "मग तू घाल." मी म्हणाले, मला येत न्हाई. तिच्या तोंडावर त्याही वेळी राग आला. "पानी वतायला येत न्हाई? एवढी साळा शिकलीस आन पानी वतायला येत न्हाई?"

रांजणात तळाला पाणी होतं. मी गाडगं बुडवून आणलं, तिच्या डोक्याशी बसले आणि शाळेत मिशनच्या साहेबांना करताना बघितलं होतं तसं तीनदा पाणी घातलं. तीन नावं घेतली, पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं. निम्मं पाणी तिच्या कानात गेलं. तिनं डोळे मिटले. मला वाटलं, गेली. पण ती म्हणाली, "आता पाज." मी म्हणाले, मास्तर नको म्हणालेत. माय म्हणाली, "मास्तरनं हे बी नगं म्हनलं व्हतं."

मग मी तिला पाणी पाजलं. ती ओकली, मी पुन्हा पाजलं. रांजण संपला तेव्हा ओढ्यावर जाऊन आणलं, पुन्हा पाजलं. तिला खारट काही तरी पाहिजे होतं आणि घरात मीठ नव्हतं. मी वाण्याच्या परड्याच्या भिंतीखाली उभी राहून ओरडले. वाण्याची बायको, गळ्यात लिंग असलेली, कपाळाला भस्म लावलेली जाडजूड बाई, भिंतीवरून डोकावली आणि तिनं चिंधीत बांधून मीठ आणि गुळाचा खडा खाली टाकला. हातात दिला नाही, वरून टाकला. पण टाकला. दिवस मावळेपर्यंत मी मीठ आणि गूळ घातलेलं पाणी मायच्या तोंडात ओतत होते.

आमचं गाव परभणीकडच्या बोरीपासून दोन कोसांवर. नाव लिहीत नाही, तिथं अजून माणसं राहतात. आम्ही मांग, आमचा धंदा दोर वळायचा. अंबाडी कापली की तिच्या पेंढ्या ओढ्याच्या डबक्यात दगडाखाली दाबून ठेवायच्या आणि पंधरा-वीस दिवसांनी त्या कुजल्या की काढून सोलायच्या. त्या कुजक्या अंबाडीचा वास आमच्या घराला, लुगड्यांना, भाकरीलासुद्धा असायचा. गावातल्या बायका आमच्यावरून जाताना नाकाला पदर लावायच्या आणि त्याच अंबाडीच्या दाव्यानं त्यांच्या गाई बांधलेल्या असायच्या. सोललेला वाख, म्हणजे अंबाडीचे धागे, वाळला की माय तो मांडीवर घेऊन विंचरायची. मग बा पलीकडच्या टोकाला पीळ भरायचा, मी मधे लाकूड धरून उभी राहायची, आणि माय वाख पुरवत पुरवत मागं सरकायची. सकाळपासून उन्हं चढेपर्यंत हेच. पिळाचा एक आवाज असतो, कर्र कर्र असा, एकसारखा. मी झोपेतसुद्धा तो ऐकायची. दावी, कासरे, मोटेचे नाडे, सगळं आम्ही वळायचो आणि वर्षाच्या सुगीला गावकरी देतील ते धान्य घ्यायचो. देतील ते, म्हणजे खळ्यावर खाली उरलेलं, मातीतलं. माय ते पाखडायची आणि शिव्या द्यायची. ज्वारीच्या कण्या, अंबाडीचीच भाजी, वर करडईच्या तेलाची धार असली तर सण.

गावात काही चोरीला गेलं की आधी मांगवाड्यातल्या पुरुषांना चावडीवर बसवायचे. कुणी चोरलं ते नंतर बघायचं, आधी मांग बसवायचे, अशी ती रीतच होती. एका वर्षी पाटलाचा बैल हरवला. निजामाचा जमादार आला, त्यानं बाला आणि आणखी दोघांना लिंबाला बांधलं. बांधायला कासरा आणला तो बानंच वळलेला. मी लहान होते, पण मला आठवतं, बा मार खाताना ओरडत नव्हता, कासऱ्याकडं बघत होता. तीन दिवसांनी बैल चारठाण्याच्या बाजूला एका शेतात चरताना सापडला, आपल्या पायानं गेलेला. माय पाटलाच्या वाड्यासमोर जाऊन लांब उभी राहिली आणि तिनं विचारलं, आता ह्या माराचा काय इन्साफ? पाटील म्हणाला, बैल सापडला ना, मग झालं. जमादार हसला. माय घरी आली. बाच्या पाठीला हळद लावताना तिचे हात इतके जोरात चालायचे की बा म्हणायचा, जमादार बरा होता.

मास्तर आमच्याकडं आले ते यानंतर. ते नगरकडचे, मिशनच्या शाळेत शिकलेले. महारवाड्यातली काही घरं आधीच ख्रिस्ती झाली होती, मग आमच्या वाड्यातली तीन घरं झाली. कुडाची एक खोली बांधली, तीच शाळा आणि रविवारी तेच देऊळ. तिथंसुद्धा चटया दोन होत्या. पुढची महारवाड्याची, मागची आमची. सगळे एकाच गावाच्या लाथा खाल्लेले, तरी चटया दोन. मी हे लिहिते आहे म्हटल्यावर माझी नात म्हणाली, आजी, आपल्याच माणसांचं कशाला काढतेस? मग कुणाचं काढू? परक्यांचं मला काय माहीत?

मायला मास्तरांच्या बोलण्यातलं एकच कळलं, पण ते तिनं असं धरलं की सोडलं नाही. देव तोंड बघून निवाडा करत नाही. पाटील का मांग, निजाम का जमादार, त्याच्या चावडीवर सगळे सारखे. आणि त्या निवाड्यात आपली सगळ्यांची बाजू पडकीच, म्हणून त्यानं आपला मुलगा दिला, त्याच्यावर विश्वास ठेवला की सुटका. पुण्य लागत नाही, जात लागत नाही, नवस लागत नाही. मास्तरांनी ते सांगून टाकलं आणि पुढच्या विषयाला गेले, माय मात्र तिथंच राहिली. दोर वळता वळता मधेच म्हणायची, "मंजे त्याच्याम्होरं जमादार बी हुबाच." बा म्हणायचा, हुबाच. मग ती समाधानानं वाख ओढायची.

बाप्तिस्मा मात्र असा मिळत नव्हता. मिशनची एक छोटी पुस्तिका होती, प्रश्न आणि त्यांची उत्तरं. ती पाठ झाली पाहिजेत, वर दहा आज्ञा. हिवाळ्यात मिशनचा गोरा साहेब बैलगाडीनं यायचा, आंब्याखाली तंबू ठोकायचा आणि एकेकाची परीक्षा घ्यायचा. बाचं पाठांतर चांगलं होतं. हलगीचे बोल लक्षात ठेवणारा माणूस तो, त्यानं एका महिन्यात सगळं तोंडपाठ केलं. कळलं किती ते देवाला ठाऊक. मी तर शाळेतच होते. आम्हा दोघांना पहिल्याच हिवाळ्यात बाप्तिस्मा झाला. माझं नाव मार्था ठेवलं. माय मला मरेपर्यंत सोनीच म्हणाली.

मायला वाचता येत नव्हतं, म्हणून तिला शिकवायचं काम माझ्याकडं आलं. पण बसून शिकायला तिला वेळ कुठं होता? मी दोर वळतानाच शिकवायची. मधलं लाकूड धरून मी प्रश्न विचारायची, माय एक पाऊल मागं सरकत उत्तर द्यायची, पुढच्या पावलाला पुढचं उत्तर. असं करत करत पुस्तिकेचा एक पूर्ण दोर झाला. पहिल्या प्रश्नापासून शेवटपर्यंत ती न अडखळता म्हणायची, हात चालू, पाय मागं मागं. बा म्हणायचा, ह्या कासऱ्यानं बांधलेला बैल सर्गालाच जाईल.

साहेबानं तिला मधला प्रश्न विचारला. तंबूत खाली बसवून, हात मोकळे, आणि एकदम मधला. मायनं हात हलवले, जसा काही वाख आहे हातात. पहिल्यापासून म्हणू का, तिनं विचारलं. मास्तर म्हणाले, विचारलं तेवढंच सांग. तिला येईना. तिनं पहिल्यापासून पुटपुटायला सुरुवात केली तर मास्तरांनी थांबवलं. तंबूच्या कनातीपाशी आम्ही पोरं उभी होतो. पोरं हसली. मीही हसले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आज लिहिते. माझी माय हवेत दोर वळत होती आणि मी तिच्याकडं बघून हसले, कारण शाळेतली पोरं हसत होती.

दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत मी तिला उलटसुलट तयार केलं. शिकवताना मी तिला चिमटे काढायची, तिच्या हातावर मारायची, मास्तर आम्हाला मारायचे तसं. ती मुकाट सहन करायची. साहेबानं त्या वेळी विचारलं, तारण होण्यासाठी माणसानं काय करावं? उत्तर लांबलचक होतं, पाच ओळींचं. मायला ते येत होतं, मला माहीत आहे. पण हा प्रश्न तिला इतका आपला वाटला की तिनं आपलंच उत्तर दिलं. "करायचं काय, साहेब? त्यानं केलं की समदं. आपुन इस्वास ठिवायचा. आपल्या हातानं व्हतंय व्हय ते?"

साहेबाचं मराठी पुस्तकी होतं. त्यानं मास्तरांकडं बघितलं. मास्तरांनी नाही अशी मान हलवली आणि म्हणाले, पुस्तकात तसं नाही. झालं. बरोबर उत्तर दिलं म्हणून नापास झालेली बाई मी दुसरी बघितली नाही. साहेबानं तिच्याकडं बघून मान डोलावली असती तर? पण त्याला तिचं बोलणं कळलं नव्हतं, आणि ज्याला कळलं होतं त्याच्या हातात पुस्तिका होती. मास्तर वाईट होते असं मी म्हणत नाही. त्यांना महिन्याचा पगार साहेब द्यायचा, आणि कच्ची माणसं आत घेतली म्हणून आधीच्या मास्तराला काढलं होतं असं लोक बोलायचे. ते मला कळतं. कळतं म्हणून राग जातो असं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात पटकी, म्हणजे कॉलरा, आली. रझाकारांच्या गडबडीच्या आधीची ही गोष्ट. जत्रेहून आलेल्या एका गाडीबरोबर आली आणि आठ दिवसांत गावभर झाली. आम्हाला गावची विहीर बंद, आम्ही ओढ्याचं पाणी प्यायचो, म्हणून लोक म्हणाले मांगवाड्यातून आली. पण पाटलाची सूनही गेली, विहिरीचं पाणी पिऊन. मग गावानं मरीआईचा गाडा काढायचं ठरवलं. शिवेबाहेर गाडा ओढून न्यायचा आणि पुढं हलगी वाजवायची ती मांगानं, आमच्याच घरानं, आजे-पणज्यापासून. पाटलाची माणसं आली आणि म्हणाली, तुम्ही किरिस्ताव झाला म्हणून आई कोपली, आता मुकाट्यानं हलगी काढा. मास्तरांनी आदल्याच रविवारी सांगितलं होतं, गाड्यापुढं वाजवील त्याला मंडळीबाहेर काढू. माय बाला म्हणाली, जाऊ नका. बानं सदरा काढून पाठ तिच्याकडं केली, लिंबाला बांधून मारलेले वळ अजून होते. मग सदरा घातला, हलगी शेकली आणि गेला. मी मागून गेले होते. इतकी वाईट हलगी त्यानं कधी वाजवली नव्हती. बायका अंगात आल्यासारख्या घुमत होत्या आणि बा खाली मान घालून, चावडीवर उभा असल्यासारखा वाजवत होता.

तिसऱ्या दिवशी तो पडला. सकाळी पहिली ओकारी झाली आणि ऊन डोक्यावर यायच्या आत त्याला उठता येईना. सगळे सांगत होते पाणी देऊ नका. म्हातारे सांगत होते, मास्तर सांगत होते, शेजारची माणसं दारातून सांगत होती. पटकीच्या माणसाला पाणी म्हणजे विष, अशी त्या काळी सगळ्यांची खात्री होती. बा "पानी, सोने, पानी" म्हणत होता. माय रडत होती आणि ओला फडका त्याच्या ओठांवर ठेवत होती. तो फडका चोखायचा. मी रांजणापाशी उभी होते, पाच हातांवर, आणि मी पाणी दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो म्हणत होता. मग त्याला म्हणता येईना. आता परभणीतल्या दवाखान्याच्या भिंतीवरसुद्धा लिहिलेलं असतं, जुलाब झाले की मीठ-साखरेचं पाणी द्या. मी तिथं कधी गेले की त्या भिंतीकडं बघत नाही.

त्याला ख्रिस्ती दफनभूमीत, बाभळीच्या काट्यांच्या कुंपणाच्या आत पुरलं. मास्तरांनी रजिस्टर उघडलं, नाव बघितलं, कारण नाव नसलेल्याला आत जागा नव्हती, आणि प्रार्थना म्हटली. हलगीबद्दल ते काही बोलले नाहीत. रजिस्टरात हलगी नव्हती. शेजारची बाई मायला म्हणाली, वाजवली म्हणून देवानं नेलं. मायनं तिला असं उत्तर दिलं की ती बाई पुढं कित्येक महिने आमच्या दारावरून गेली नाही. "भ्यानं वाजवली त्यानं. देवाला भ्या कळतं. तुज्यावानी न्हाई तो." त्याच संध्याकाळी मायला पहिली उलटी झाली.

पुढचं मी आधीच सांगितलं आहे. मी पाणी घातलं आणि मी पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला लघवी झाली. तिसऱ्या दिवशी तिनं कण्यांची पेज मागितली आणि पातळ केली म्हणून मला बोलली. ती कशानं जगली? लोक म्हणाले देवानं वाचवलं. मी म्हणते पाण्यानं वाचवलं. मायला विचारलं तर ती म्हणायची, "येकच की ते."

मास्तरांना मीच सांगितलं. लपवायचं मला सुचलंच नाही, उलट मला वाटलं त्यांना आनंद होईल. त्यांनी मला शाळेत सगळ्यांसमोर उभं केलं आणि विचारलं, कुणाच्या अधिकारानं केलंस? मी म्हणाले, मायनं सांगितलं म्हणून. त्यांनी मला छडी मारली नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी साहेबाला पत्र लिहिलं.

हिवाळ्यात साहेब आला तेव्हा आमचा निवाडा झाला. शाळेच्या खोलीत सगळी मंडळी जमली, दोन्ही चटया भरल्या. साहेबानं मला विचारलं, कोणते शब्द म्हणालीस? मी सांगितले. किती वेळा पाणी? तीन. वय? अकरा. तो आणि मास्तर इंग्रजीत बोलले. मग साहेब उभा राहिला, चांगल्या तोंडानं, आणि म्हणाला की मुलीनं भीतीपोटी केलं, तिचा दोष नाही, पण तो बाप्तिस्मा धरता येत नाही. बाईची श्रद्धा मात्र दिसून आली आहे, म्हणून आज, आत्ता, एकही प्रश्न न विचारता तो स्वतः तिला बाप्तिस्मा देईल. लोकांना बरं वाटलं. पुढच्या चटईवरच्या दोन बायका मायला जागा द्यायला सरकल्यासुद्धा. पितळी भांडं पाण्यानं भरून टेबलावर ठेवलेलं होतं.

माय उठली नाही. मागच्या चटईवरून, बसल्या जागेवरून ती म्हणाली, "साहेब, मला झालाय."

मास्तर म्हणाले, तो धरत नाहीत, तुला सांगितलं ना आत्ता.

"तुमी धरत न्हाई. त्यानं धरलाय." तिनं वर बोट केलं नाही, काही नाही, शेतावरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलली. "मी मरायला टेकले तवा त्यानं मला घेतलं. आता तुमी परत घेता, मंजे मधी त्यानं सोडलं व्हतं का मला? मी हो म्हनले तर त्याला खोटं पाडल्यावानी व्हईल. माज्यानं व्हायचं न्हाई."

मी तिच्या शेजारी बसले होते. मी तिचं लुगडं ओढत होते. मला मनापासून वाटत होतं तिनं उठावं, ते पाणी घ्यावं, तिचं नाव लिहावं आणि आपण एकदाचं सगळ्यांसारखं व्हावं. मी कानात म्हणाले, माय, घे ना, काय जातंय? तिनं माझा हात काढून टाकला. त्या दिवशी माझा सगळा राग तिच्यावर होता, मास्तरांवर नव्हता, साहेबावर नव्हता. तिच्यावर. तो राग जागेवर यायला मला वीस वर्षं लागली.

साहेब म्हणाला, हा गर्व आहे, बाई. मास्तर म्हणाले, अडाणी हट्ट आहे. दोघांनी वाट बघितली. मग मास्तरांनी ते पितळी भांडं उचललं आणि पाणी बाहेर नेऊन टाकलं.

त्यानंतर माय मरेपर्यंत दर रविवारी देवळात गेली. निजाम गेला, साहेब गेला, कुडाच्या जागी विटांची भिंत आली, पुढंमागं करता करता चटया एक झाल्या. ती दाराशी बसायची. प्रभुभोजनाची ताटली फिरत आली की, रजिस्टरात तिचं नाव नाही म्हणून, तिच्यापाशी न थांबता पुढं जायची. मी मायच्या शेजारी बसून माझा भाकरीचा तुकडा घ्यायची. मला नको म्हणता आलं असतं, मी म्हणाले नाही. मास्तर बदलले, पाळक आले, प्रत्येकानं तिला एकदा विचारून बघितलं आणि तिनं प्रत्येकाला तेच सांगितलं. एका पाळकाला ती म्हणाली, "तुमच्या ताटलीचा मला राग न्हाई. पर निवाड्याच्या दिशी तुमी कुनी ताटली घिऊन येनार न्हाई तितं." तो हसला. मी हसले नाही.

आता आमच्या परभणीच्या चर्चमधला तरुण पाळक सांगतो की तसल्या वेळी कुणीही दिलेला बाप्तिस्मा चालतो, पूर्वीपासून चालतो, बऱ्याच मंडळ्यांत तसा नियमच आहे. हे त्यानं मला चहा पिता पिता सांगितलं, मला बरं वाटेल म्हणून. मी कप खाली ठेवला आणि विचारलं, मग तेव्हा त्यांना माहीत नव्हतं का? तो म्हणाला, माहीत असेल किंवा नसेल. मी म्हणाले, जा तुम्ही आता.

माय वारली तेव्हा दफनभूमीच्या बाभळीचं कुंपण कधीच मोडून गेलं होतं. गुरं आत-बाहेर फिरत होती आणि आत कुठवर, बाहेर कुठून, हे कुणाला दाखवता येईना. आम्ही तिला बाच्या जवळ पुरलं. कुणी काही विचारलं नाही, कारण विचारणारे राहिले नव्हते.

पटकीच्या त्या उन्हाळ्यात मांगवाड्यातल्या तीन ख्रिस्ती घरांपैकी एक घर सगळंच्या सगळं गेलं. मास्तर वाचले, त्यांची बायको वाचली. आमच्या घरात आम्ही तिघं होतो, त्यातल्या दोघी राहिलो. माय त्यानंतर एकतीस वर्षं जगली. मी अजून आहे.